वाचकांचे प्रश्न : रेस वाढली की स्पीकरमधून शिट्टी का येते?

गाडीतील कंपनीचा स्टिरिओ काढून नवा बसवल्यानंतर, किंवा त्याच्या जोडीला अ‍ॅम्प्लिफायर आणि सबवूफर घेतल्यानंतर, गाण्याच्या मागे इंजिनाचा आवाज ऐकू येऊ लागल्याची तक्रार करणारी पत्रे या सदराकडे नेहमी येतात. त्यांतील काही प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची केवळ गावे दिली आहेत.

प्रश्न : माझी पेट्रोल हॅचबॅक चार वर्षांची आहे. कंपनीचा स्टिरिओ काढून अँड्रॉइड टचस्क्रीन, डिकीत चार चॅनलचा अ‍ॅम्प आणि एक सबवूफर बसवून घेतला. मागे कॅमेराही लावला आहे. इंजिन सुरू केले की सर्व स्पीकरमधून बारीक शिट्टी येते आणि रेस दिली की तिचा स्वर चढत जातो. अ‍ॅम्पची अर्थ (बॉडीला जोडलेली ऋण तार) स्टेपनीजवळच्या पत्र्यात स्क्रू मारून दिली आहे. दुकानदाराने नॉइज फिल्टर बसवून पाहिला, फरक पडला नाही. आता तो म्हणतो की अल्टरनेटर खराब आहे. बदलू का? (नाशिक)

उत्तर : अल्टरनेटर इतक्यात बदलू नका. शिट्टीचा स्वर रेसबरोबर चढतो, यावरून आवाजाचे मूळ अल्टरनेटरमध्ये आहे एवढे निश्चित होते; परंतु मूळ तिथे असले म्हणून बिघाडही तिथेच असतो असे नाही. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून गाडीला वीज देणारे जनित्र, प्रत्यक्षात एसी (दिशा बदलत वाहणारी) वीज तयार करतो आणि त्याच्यातील डायोड तिची डीसी (एकाच दिशेने वाहणारी) करतात. ही डीसी कधीच पूर्ण सपाट नसते. तिच्यावर बारीक लहरी उरतात. ज्या अल्टरनेटरच्या रोटरला १२ ध्रुव असतात, त्याच्या एका फेऱ्यात अशा ३६ लहरी येतात. इंजिन ८०० आरपीएमवर आणि पुलीचे गुणोत्तर अडीच धरले, तर अल्टरनेटर मिनिटाला २००० फेरे घेतो, म्हणजे लहरींची वारंवारता १२०० हर्ट्‌झ होते. तेच इंजिन २५०० आरपीएमवर नेले की ती ३७५० हर्ट्‌झपर्यंत पोहोचते. माणसाचा कान साधारण २००० ते ५००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो. त्यामुळे पूर्णपणे निरोगी अल्टरनेटरच्या लहरीही गाण्यात शिरल्या तर झोंबतात. प्रश्न त्या निर्माण का होतात हा नसून त्या आत कोणत्या वाटेने येतात हा आहे.

कंपनीच्या स्टिरिओत हा त्रास का नव्हता, हेही यावरून समजते. त्यात सिग्नल आणि अ‍ॅम्प एकाच डब्यात होते, दोघांची अर्थ एकच होती आणि बाहेर केवळ स्पीकरच्या तारा पडत होत्या. आता टचस्क्रीनची अर्थ डॅशबोर्डमध्ये आहे, अ‍ॅम्पची अर्थ डिकीत आहे आणि दोघांना जोडणारी आरसीए केबल (गाण्याचा सिग्नल नेणारी, टोकांना पिना असलेली तार) गाडीच्या लांबीइतकी आहे. गाडीचा पत्रा हाच सर्व विजेचा परतीचा रस्ता असल्यामुळे त्याच्या दोन टोकांमध्ये काही मिलिव्होल्टांचा फरक नेहमीच असतो आणि त्या फरकात अल्टरनेटरच्या लहरीही असतात. आरसीए केबलची बाहेरची जाळी सिग्नलची परतीची तारही असते. दोन टोकांच्या अर्थमध्ये फरक पडला की थोडा प्रवाह या जाळीतून वाहू लागतो आणि त्याचा व्होल्टेज सरळ गाण्यात मिसळतो. समजा हळू आवाजात ऐकताना केबलमधील गाण्याचा सिग्नल ५० मिलिव्होल्ट आहे आणि त्यात ५ मिलिव्होल्टांची लहर शिरली, तर गाण्याच्या एक दशांश इतकी शिट्टी अ‍ॅम्पला मिळते आणि तो दोन्ही गोष्टी सारख्याच इमानाने मोठ्या करतो. या प्रकाराला ग्राउंड लूप म्हणतात आणि आपले वर्णन त्याच्याशी जुळते.

अंदाजावर सामान बदलण्याऐवजी पुढील चाचण्या याच क्रमाने करून घ्या. गाडी मोकळ्या जागेत उभी करा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणे धोक्याचे असते. आरसीएच्या पिना काढताना-घालताना प्रत्येक वेळी किल्ली बंद करा. चालू अवस्थेत पिना ओढल्याने स्पीकरला दणका बसतोच, शिवाय आणखी एक नुकसान होऊ शकते, त्याचा उल्लेख पुढे येईल.

प्रथम टचस्क्रीनचा आवाज शून्यावर आणून रेस द्या. शिट्टी तेवढीच राहिली, तर ती आवाजाच्या नियंत्रणाच्या पुढे कुठेतरी, म्हणजे टचस्क्रीनच्या आउटपुटपासून अ‍ॅम्पपर्यंतच्या भागात शिरते आहे. आवाजाबरोबर शिट्टीही कमी-जास्त झाली, तर ती टचस्क्रीनच्या आत किंवा त्याच्याही आधी, उदाहरणार्थ चार्जिंगला लावलेल्या फोनमधून, येते आहे. ही चाचणी फुकट आहे आणि अर्धे काम करून देते, तरी ती केली जात नाही याचे आश्चर्य वाटते.

शिट्टी आवाज शून्यावर असतानाही राहत असेल, तर डिकीत अ‍ॅम्पवरील आरसीए पिना काढा आणि त्यांच्या जागी जुन्या केबलच्या अशा पिना लावा की ज्यांची मधली कांडी आणि बाहेरची कडी तारेने जोडलेली आहे. इनपुट नुसते उघडे ठेवू नये, कारण उघडे इनपुट स्वतःच आसपासची गुणगुण पकडते आणि चाचणी फसते. आता इंजिन सुरू करून शिट्टी ऐकू आली, तर दोष अ‍ॅम्पच्या वीजपुरवठ्यात, त्याच्या अर्थमध्ये किंवा स्पीकरच्या तारांमध्ये आहे. शांतता पसरली, तर अ‍ॅम्पचा स्वतःचा वीजपुरवठा त्या क्षणापुरता निर्दोष ठरतो आणि शोध पुढच्या बाजूला न्यावा लागतो.

त्यानंतर फोन घ्या. तो चार्जरला लावू नका. हेडफोनच्या जागेतून आरसीएच्या दोन पिना काढणारी छोटी केबल वापरून तो थेट अ‍ॅम्पला जोडा आणि गाणे लावून रेस द्या. फोन स्वतःच्या बॅटरीवर चालतो, त्याचा गाडीच्या पत्र्याशी संबंध येत नाही, त्यामुळे लूप तयारच होत नाही. गाणे स्वच्छ आले, तर लांब आरसीए केबल परत अ‍ॅम्पला लावा, तिचे पुढचे टोक टचस्क्रीनपासून सोडवा आणि फोन त्या टोकाला जोडा. आता शिट्टी आली तर केबल वाटेत पॉवर केबलचा आवाज पकडते आहे. आली नाही तर केबल निर्दोष आहे आणि उरतो तो टचस्क्रीन व त्याची जोडणी.

इथे आपल्या गाडीच्या बाबतीत दोन संशयित आहेत, ज्यांच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. पहिला मागचा कॅमेरा. त्याला वीज रिव्हर्सच्या दिव्यातून दिलेली असते, अर्थही तिथलीच असते आणि त्याची व्हिडिओची आरसीए केबल टचस्क्रीनला जाते. म्हणजे गाडीच्या मागच्या पत्र्यापासून टचस्क्रीनपर्यंत जाळीचा आणखी एक रस्ता तयार झालेला आहे. कॅमेऱ्याची पिन टचस्क्रीनच्या मागून काढा आणि फरक पाहा. दुसरा संशयित अँटेना. त्याच्या केबलची जाळी छताच्या पत्र्याला जोडलेली असते. तिचीही पिन काढून पाहा. यांपैकी एकाने शिट्टी थांबली, तर त्या रस्त्यापुरता इलाज करणे स्वस्तात पडते. कॅमेऱ्याची अर्थ तिथून काढून टचस्क्रीनच्या काळ्या तारेपाशी आणली की बहुधा काम होते.

वर उल्लेख केलेले नुकसान ते हे. पुष्कळ स्टिरिओंच्या आत आरसीए आउटपुटच्या अर्थवर एक अतिशय बारीक फ्यूज किंवा केसासारखी पातळ तांब्याची रेषा असते. चालू अवस्थेत पिना ओढल्या, किंवा अ‍ॅम्पची अर्थ सैल असताना त्याचा सगळा परतीचा प्रवाह जाळीतून धावला, तर ती जळते. स्टिरिओ चालू राहतो, गाणेही वाजते. पण शिट्टी अचानक मोठी होते. किल्ली बंद करून, पिना काढून, मल्टिमीटरने आरसीएच्या बाहेरच्या कडीपासून स्टिरिओच्या धातूच्या डब्यापर्यंतचा रोध मोजा. तो जवळजवळ शून्य यायला हवा. मार्ग तुटलेला दिसला, तर कडी आणि डबा यांना तात्पुरती तार जोडून पाहा. शिट्टी नाहीशी झाली तर निदान पक्के झाले. पुढचे काम मात्र सोल्डरिंग नीट येणाऱ्या दुरुस्तीवाल्याचे आहे.

आता त्या स्क्रूविषयी. रंगवलेल्या पातळ पत्र्यात मारलेला स्क्रू ही अ‍ॅम्पची अर्थ होऊ शकत नाही. स्क्रूचे आटे पत्र्याला जेमतेम एक-दीड फेरा धरतात, थिंबलखाली (तारेच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) रंग राहतो आणि गाडी हलून हलून तो सांधा ढिला होतो. अ‍ॅम्प २० अँपिअर ओढत असताना सांध्यात केवळ ०.०१ ओहम रोध असला, तरी तिथे ०.२ व्होल्ट अडकतात. कारागीर मीटर लावून ‘टू’ असा आवाज ऐकवतो आणि अर्थ ठीक असल्याचे सांगतो, तेव्हा हे ध्यानात ठेवावे की तो आवाज काही ओहमांच्या रोधालाही येतो आणि साध्या मीटरच्या तारांचाच रोध ०.०१ ओहमच्या अनेकपट असतो. अर्थ मोजायची ती व्होल्टेजने. इंजिन चालू ठेवा, गाणे मोठ्याने लावा, मीटर डीसी व्होल्टवर ठेवून लांब तारेने एक टोक बॅटरीच्या ऋण खांबाला आणि दुसरे थेट अ‍ॅम्पच्या अर्थच्या टर्मिनलला लावा. आकडा ०.१ व्होल्टच्या आत असावा. तो ०.३ किंवा ०.४ दिसला, तर शिट्टीच्या आधी ही अर्थ दुरुस्त करणे भाग आहे.

दुरुस्तीसाठी बॉडीच्या जाड भागावर, शक्यतो जिथे कंपनीनेच बोल्ट किंवा वेल्डचा नट दिला आहे अशी जागा निवडावी. सीटबेल्टचा बोल्ट कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. तो अपघातात माणूस धरून ठेवण्यासाठी ठरावीक जोराने आवळलेला असतो. निवडलेल्या जागेवरील रंग आणि प्रायमर पॉलिश पेपरने घासून चकचकीत धातू उघडा करावा, तार पॉवर केबलच्याच जाडीची आणि ४५ सेंटिमीटरच्या आतली असावी, थिंबल चिमट्याने नव्हे तर क्रिंपिंगच्या साधनाने दाबलेले असावे, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळावा आणि सगळे झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली किंवा रंग लावून सांधा झाकावा. वरून, असे मुद्दाम लिहिले आहे. आवळण्यापूर्वी रंग लावणारे हातही आहेत. टचस्क्रीनची काळी तारही कंपनीच्या बारीक तारेवर न सोडता स्वतंत्र तारेने जाड धातूवर नेऊन पाहावी.

अ‍ॅम्पवरील गेनचे बटण कुठे आहे ते पाहा. ते आवाज वाढवण्याचे बटण नसून येणाऱ्या सिग्नलशी अ‍ॅम्पचा मेळ घालण्याचे आहे. ‘दणदणीत’ वाजावे म्हणून ते शेवटपर्यंत फिरवले, की टचस्क्रीन हळू आणि अ‍ॅम्प जोरात अशी उलटी व्यवस्था होते व मधल्या केबलमध्ये शिरलेला कचरा अनेकपट मोठा होऊन बाहेर पडतो. बास बूस्ट बंद करून टचस्क्रीनचा आवाज तीन चतुर्थांश ठेवावा आणि गाणे फाटू लागण्याच्या किंचित आधीपर्यंतच गेन वाढवावा. लूप थोडा शिल्लक असला, तरी एवढ्याने शिट्टी कानाआड जाते असा पुष्कळदा अनुभव येतो.

फिल्टरने फरक का पडला नाही, हे आता वेगळे सांगण्याची गरज नाही. तो पिवळ्या तारेवर, म्हणजे टचस्क्रीनच्या वीजपुरवठ्यावर बसवलेला असणार आणि आवाज तर अर्थच्या वाटेने येत असणार. ही शंका पडताळायची झाली, तर यूपीएसमध्ये असते तशी १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी आणा, टचस्क्रीन चौकटीतून बाहेर काढा, अँटेना व कॅमेरा सोडवा आणि पिवळी, लाल व काळी अशा तिन्ही तारा गाडीपासून तोडून त्या बॅटरीला द्या. शिट्टी गेली, तर फक्त काळी तार गाडीच्या अर्थलाही जोडा. शिट्टी परत आली तर अर्थ दोषी. आली नाही तर वीजपुरवठा दोषी, आणि त्या एकाच स्थितीत फिल्टरवरचे पैसे सार्थकी लागतात.

एवढे करूनही अल्टरनेटरविषयी शंका राहिली, तर मीटर एसी व्होल्टवर ठेवून, हेडलाइट आणि पंखा चालू करून, सुमारे २००० आरपीएमवर बॅटरीच्या दोन खांबांमध्ये मोजा. निरोगी अल्टरनेटरची लहर साधारण ०.१ व्होल्टच्या आत राहते. ती ०.५ व्होल्टच्या पुढे गेली, तर डायोड फुटला असण्याची शक्यता आहे. तेव्हाही डायोडची प्लेट बदलून भागते, पूर्ण अल्टरनेटर घ्यावा लागेलच असे नाही.

प्रश्न : डिझेल एसयूव्हीत कंपनीचा टचस्क्रीन तसाच ठेवून, मागच्या स्पीकरच्या तारांवरून कन्व्हर्टरने (स्पीकरच्या सिग्नलचा आरसीएचा सिग्नल करणाऱ्या डबीने) सिग्नल घेऊन अ‍ॅम्प बसवला. किल्ली ऑनवर आणली की, इंजिन बंद असतानाच, एकसारखी बारीक किणकिण येते. रेसने ती बदलत नाही. अ‍ॅम्पची अर्थ थेट बॅटरीला नेली तर बरे होईल का? (कोल्हापूर)

उत्तर : रेसने न बदलणारा आवाज अल्टरनेटरचा नसतो. आपल्या बाबतीत पहिला संशय कन्व्हर्टरच्या जोडणीवर आहे. कंपनीच्या टचस्क्रीनमधून निघणाऱ्या स्पीकरच्या दोन तारांपैकी एकही तार अर्थ नसते. दोन्ही तारांवर बॅटरीच्या सुमारे निम्मा, म्हणजे ६ ते ७ व्होल्टचा स्थिर व्होल्टेज असतो आणि गाणे त्या दोघींच्या फरकात असते. मीटरचे काळे टोक बॉडीला आणि लाल टोक आळीपाळीने दोन्ही तारांना लावले की हे दिसून येईल. स्वस्त कन्व्हर्टर डाव्या आणि उजव्या बाजूच्या ऋण तारा आत एकत्र करतात किंवा बॉडीला जोडतात. त्याने आवाज तर शिरतोच, शिवाय टचस्क्रीनमधील आयसी (चिप) जळण्याचा धोका असतो, आणि ती यंत्रे आता केवळ गाण्यापुरती नसल्याने खर्च मोठा येतो. आपल्या अ‍ॅम्पला हाय लेव्हल इनपुट आहे का ते पाहा. असल्यास कन्व्हर्टर काढून टाका आणि स्पीकरच्या चारही तारा त्यातच द्या. असे इनपुट दोन तारांतील फरक तेवढाच उचलते आणि दोन्हींवर सारखाच आलेला आवाज सोडून देते. ते नसेल, तर आत ट्रान्सफॉर्मर असलेला कन्व्हर्टर घ्यावा.

त्याआधी, किल्ली ऑन करताच कोणकोणती यंत्रे जागी होतात त्यांचे फ्यूज एकेक काढून पाहावेत. टाकीतील इंधनपंप, एसीचा पंखा, मोबाइल चार्जर यांचा आवाज असाच एकसुरी असतो. पंख्याचा वेग बदलल्यावर किणकिणीचा स्वर बदलला तर चोर सापडलाच. एअरबॅगच्या फ्यूजला मात्र हात लावू नका.

अर्थ थेट बॅटरीच्या ऋण खांबाला नेऊ नये. हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत त्या खांबावर बॅटरीचा सेन्सर बसवलेला असतो आणि बॅटरीत किती प्रवाह आला-गेला याचा हिशेब तो ठेवतो. अ‍ॅम्पची अर्थ सेन्सरच्या अलीकडे, म्हणजे बॅटरीच्या बाजूला, जोडली की तेवढा प्रवाह हिशेबातून सुटतो आणि चार्जिंगचे गणित बिघडते. बॉडीवरच घासलेली, घट्ट जागा द्यावी.

प्रश्न : आरसीए आणि अ‍ॅम्पची पॉवर केबल एकाच बाजूच्या पायदाणाखालून नेली आहे. ती वेगळी करायची तर सगळी ट्रिम उघडावी लागेल. त्याऐवजी महागडी आरसीए घेतली तर? (पुणे)

उत्तर : आधी दोन्ही टाळा. घरातील कोणतीही जास्तीची आरसीए केबल घेऊन ती सीटवरून उघडीच टाका, पुढे-मागे जोडा आणि गाडी चालू करून ऐका. शिट्टी तशीच राहिली, तर मार्ग बदलून काही मिळणार नाही. वर नाशिकच्या वाचकांना लिहिलेल्या चाचण्यांकडे वळा. ती गेली तरच ट्रिम उघडावी आणि आरसीए दुसऱ्या बाजूने न्यावी. कुठे दोन्ही केबल एकमेकींना ओलांडत असतील, तर त्या काटकोनात ओलांडाव्यात. केबलच्या किमतीबाबत सांगायचे, तर प्रत्येक चॅनलच्या दोन तारा एकमेकींना पिळलेल्या आणि पिना घट्ट बसणाऱ्या एवढ्या दोन गोष्टी पाहाव्यात. त्यापुढचे पैसे वेष्टनाचे असतात. पॉवर केबल उघडणारच असाल, तर बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज आहे ना, याची खात्री करून घ्या. त्याचा आवाजाशी संबंध नाही, पण पायदाणाखाली दबलेल्या केबलने गाडी पेटू नये म्हणून तो असतो.

प्रश्न : गाडी जुनी आहे, ब्लूटूथ नाही. फोन ऑक्सने (हेडफोनच्या पिनेच्या तारेने) वाजवताना चार्जर लावला की घरघर सुरू होते. म्हणून यूएसबीवर चालणारा ब्लूटूथ रिसीव्हर आणला, तरीही तेच. (ठाणे)

उत्तर : लायटरच्या सॉकेटमधील चार्जरची अर्थ आणि ऑक्सची अर्थ फोनमध्ये एकमेकींना भेटतात आणि लूप पुरा होतो. आपला रिसीव्हरही वीज त्याच सॉकेटमधून घेतो आणि आवाज त्याच ऑक्समध्ये देतो, म्हणजे फोनची जागा त्याने घेतली एवढेच. स्वतःची बॅटरी असलेला रिसीव्हर घ्या व वाजवताना तो चार्जिंगला लावू नका. किंवा ऑक्सच्या तारेत ३.५ मिलिमीटर पिनांचा ग्राउंड लूप आयसोलेटर घाला. त्यात दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. ते गाणे पुढे देतात आणि अर्थचा संबंध तोडतात. स्वस्त आयसोलेटर खालचा बास थोडा खातो. कंपनीच्या लहान स्पीकरवर ते जाणवत नाही. सबवूफर असलेल्या गाडीत मात्र जाणवते, म्हणून वरच्या प्रश्नांच्या उत्तरांत त्याची शिफारस केलेली नाही.

प्रश्न : यूएसबीवरील गाणी स्वच्छ ऐकू येतात, पण एफएमवर मात्र हेडलाइट लावताच खरखर होते. गेल्या पावसाळ्यात एलईडी बल्ब बसवले. स्टिरिओही बदलला आहे. (रत्नागिरी)

उत्तर : यूएसबी स्वच्छ आणि एफएम खराब, यावरून आवाज तारेतून येत नसून अँटेनातून येतो हे ठरते. अर्थचे सांधे, फिल्टर, आरसीए यांपैकी कशालाही हात लावण्याची आवश्यकता नाही. एलईडी बल्बच्या मागील ड्रायव्हर वीज वेगाने चालू-बंद करतो आणि चांगले आवरण नसेल तर तो ८८ ते १०८ मेगाहर्ट्‌झच्या एफएम पट्ट्यातही कचरा फेकतो. एका बाजूला जुना हॅलोजन बल्ब लावून पाहा. खरखर निम्मी झाली तर शंका उरत नाही. ड्रायव्हरच्या तारांवर फेराइटच्या कड्या लावल्याने काही गाड्यांत आराम पडतो, काहींत पडत नाही, तेव्हा बल्ब परत करण्याची मुदत आधी पाहून ठेवा. डॅशकॅम आणि त्याचा चार्जर हेही याच जातीचे असतात.

आपल्या पत्रातील दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची असू शकते. छतावरील अँटेनाच्या तळाशी पुष्कळ गाड्यांत छोटा बूस्टर असतो आणि त्याला वीज स्टिरिओच्या निळ्या तारेतून किंवा अँटेनाच्या केबलमधूनच मिळते. नवा स्टिरिओ बसवताना ती जोडली गेली नसेल, तर मूळ सिग्नलच क्षीण होतो आणि एरवी दबून राहिला असता असा कचरा वर येतो. निळी तार जोडल्याची खात्री करा, आणि किनाऱ्यावरची गाडी असल्याने अँटेनाचा तळ सोडवून त्याखालील पत्रा गंजलेला नाही ना, हेही पाहा. त्या तळाचा पत्र्याशी असलेला स्पर्श हीच अँटेनाची अर्थ असते.

प्रश्न : वीस वर्षांची पेट्रोल गाडी हौसेने जपली आहे. नवा स्टिरिओ आणि छोटा अ‍ॅम्प लावल्यापासून शिट्टी नाही, पण टिकटिक येते. रेस दिली की ती जलद होते. एक फॅरडचा कपॅसिटर लावावा असे सुचवले गेले आहे. (मडगाव)

उत्तर : कपॅसिटर नको. तो जोरदार बासच्या वेळी व्होल्टेज क्षणभर सावरून धरण्यासाठी असतो. टिकटिक तुमच्याकडे प्लगच्या ठिणगीतून येते आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात ८०० आरपीएमवर मिनिटाला १६०० ठिणग्या, म्हणजे सेकंदाला सुमारे २७ ठिणग्या पडतात आणि त्या एकत्र ऐकल्या तर ‘टर्र’ असा सलग आवाज येतो. आपण टिकटिक वेगळी मोजू शकत असाल, सेकंदाला सहा-सात एवढी, तर एकाच सिलिंडरची प्लगवायर किंवा तिची टोपी गळकी असण्याचा संभव आहे. रात्री अंधारात बॉनेट उघडून, कशालाही स्पर्श न करता, इंजिन चालू ठेवून पाहा. तडकलेल्या वायरवरून निळसर ठिणगी इंजिनावर उडताना दिसते.

तसे काही न दिसल्यास गेल्या काही वर्षांत प्लगवायर बदलल्या होत्या का ते आठवा. मूळ वायरच्या गाभ्यात कार्बन असतो आणि तिचा रोध काही हजार ओहम असतो. तो मुद्दाम ठेवलेला असतो, कारण त्यामुळे ठिणगीचा रेडिओ-कचरा दबतो. त्याऐवजी साध्या तांब्याच्या वायर घातल्या असतील, तर मीटर जवळजवळ शून्य ओहम दाखवेल. प्लगही आत साधारण ५००० ओहमांचा रोध असलेलेच हवेत. बहुतेक कंपन्या त्यांच्या क्रमांकात ‘आर’ हे अक्षर घालतात. दोन्ही गोष्टी मूळच्या जातीच्या बसवाव्यात. त्याच वेळी इंजिनापासून बॉडीपर्यंत जाणारी जाळीची अर्थपट्टी पाहून घ्या. इतक्या जुन्या गाडीत आणि समुद्राच्या हवेत ती हिरवी पडलेली किंवा अर्धी तुटलेली असते. ती बदलायला फारसा खर्च येत नाही, म्हणून प्लगवायरींच्या आधी तिच्यापासूनच सुरुवात केलेली बरी.